पाच माणसं आणि एक पाहुणी

शेवंतीच्या वासाने मला अजूनही झोप येते. लोकांना फुलांच्या वासाने देऊळ आठवतं, लग्न आठवतं. मला ओल्या गोणपाटावर आडवं व्हावंसं वाटतं. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला होता आणि घर मळ्यातच, त्यामुळे घर कुठे संपतं आणि मळा कुठे सुरू होतो ते आम्हा भावंडांना कधी नीट कळलं नाही. ओसरीवर फुलांचे ढीग, न्हाणीजवळ कोथिंबिरीच्या जुड्या, खाटेखाली निशिगंधाच्या काड्या पाण्यात उभ्या. अण्णा सकाळी लुनाला दोन्हीकडे पाट्या बांधून फुलबाजारात निघाले की त्या लुनाचा आवाज बांधाबांधाने लांब जात जात एखाद्या माशीएवढा व्हायचा आणि मग पाटाच्या पाण्याचा आवाज वर यायचा. तो खरं तर आधीपासूनच चालू असायचा. आई चुलीवर भाकरी टाकायची, तव्याच्या कडेला हिरव्या मिरच्या फुटायच्या आणि मी अर्धवट झोपेत शेवंतीचे देठ खुडत असायचे. माझं बालपण कसं गेलं असं कुणी विचारलं तर मी म्हणते, झोपेत गेलं, पण हात चालू होते.

खुरपणीला मात्र झोप चालायची नाही. खुरपायला बसलेल्या बायांना प्रत्येकी एक पात असते, म्हणजे आपापली एक ओळ. या बांधापासून त्या बांधापर्यंत आपली आपण न्यायची. मी शाळकरी असल्यापासून माझी पात सगळ्यात आधी पलीकडे जायची. पलीकडे पोचले की मी कमरेवर हात ठेवून मागे बघायचे आणि मागे राहिलेल्यांची मला कीव यायची. आई दुसरी पोचायची. पण ती थांबायची नाही. सगळ्यात मागे राहिलेल्या बाईची पात बघायची आणि तीच पात पलीकडच्या टोकाकडून धरून, उलटी खुरपत तिच्याकडे यायची. मध्ये कुठेतरी दोघींची खुरपी भेटायची. ती बाई लाजायची, आई काहीतरी भलतंच बोलायची, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं. एकदा मी फुशारकीने म्हटलं, "आई, बघ, आज पण मीच पहिली." आई म्हणाली, "पोचलीस का? मग बांधानं तुला हळदीकुंकू लावलं का?" मला राग आला होता. आईचं बोलणं मला तेव्हा रागानेच कळायचं, अर्थाने कळायला वेळ लागला.

नर्सिंगला गेले ती बारावीनंतर. नाव मंदाकिनी, घरी मंदा. आणि चाल अशी की वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, नाव मंदा आणि पायाला भिंगरी. आमच्या ट्यूटर गायधनी मॅडम हळू बोलायच्या, आणि त्यांनी आवाज आणखी खाली नेला की आम्ही घाबरायचो. तिसऱ्या वर्षी खेड्यावर महिनाभर राहून काम करायचं असे. दहा मुलींचा गट, त्यात एक लीडर. मॅडमनी यादी वाचली, लीडर म्हणून माझं नाव आलं, आणि मला वाटलं, यात विचारायचं काय होतं. शिट्टी, हजेरीची वही आणि गटात एकच असलेलं बीपीचं यंत्र माझ्या ताब्यात आलं. ते पत्र्याच्या डब्यातलं, पाऱ्याचं यंत्र मी उशाशी घेऊन झोपायचे. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आरशात.

गाव घोटीच्या पुढे होतं. आम्ही गेलो तेव्हा भातं निघून गेली होती आणि खाचरांत नुसती खुंटं उरली होती. सकाळी धुकं इतकं खाली असायचं की शेजारच्या घराचं छप्परच तेवढं दिसायचं, भिंती नाहीत. घरं हवेत ठेवल्यासारखी वाटायची. त्या धुक्यातून भाताच्या गिरणीचा आवाज यायचा, एकसारखा, दिवसभर, आणि हवेत कोंड्याची बारीक धूळ उडायची. दुपारी ऊन पडलं की ती सोन्यासारखी दिसायची, आणि रात्री अंघोळ करून झोपलं तरी केसांत सापडायची. आम्ही शाळेच्या एका खोलीत राहायचो. जेवायला इंद्रायणीचा भात. इतका वासाचा, की पहिल्या दिवशी आम्ही वरणाची वाट न बघता नुसताच खाल्ला. सोबत खुरासणीची चटणी, नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं. आज विचार करते तेव्हा तो सगळा महिना मला एका मऊ, पिवळट उजेडात दिसतो, जसं काही तिथे संध्याकाळ कधी झालीच नाही. अर्थात झाली असणार. डास तर होतेच.

काम सोपं होतं. प्रत्येकीला वीस घरं वाटून दिलेली. घरोघर जायचं, दारावर गेरूने नंबर घालायचा, फॉर्म भरायचा: घरात माणसं किती, लहान मुलं किती, कुणी आजारी आहे का, कुणी गरोदर आहे का. माझी वीस घरं दोन दिवसांत झाली. मी घरात पाऊल ठेवायचेच नाही, उंबऱ्यावरूनच विचारायचे. अकरा नंबरचं घर ठकूबाईंचं. त्या अंगणात भात पाखडत होत्या. मी विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?"

"पाच हायेत की. मी, मालक, सासूबाई अन् दोन पोरं."

"सून?"

"अजून यायची हाय. पोरी बघतोय."

"कुणी गरोदर?"

ठकूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "आता कोन असायचं बाई? सासूबाई का मी?"

मीही हसले. 'माणसं पाच, गरोदर नाही' असं लिहिलं, नंबर घातला आणि बाराव्या घराकडे निघाले.

यमुना आमच्या गटातली सुरगाण्याकडची मुलगी. बुटकी, सावळी, केसांना भरपूर तेल. ती बोलायला लागली की वाटायचं, शब्द आधी कुठेतरी धुऊन वाळत घातलेत आणि मग एकेक घडी करून देते आहे. तिची पाच दिवसांत सात घरं झाली होती. ज्या घरात जाईल तिथे बसायची. चहा प्यायची, म्हातारीच्या केसांतल्या उवा बघायची, लसूण सोलू लागायची. मुली तिला गोगलगाय म्हणायच्या आणि पुढचं 'पोटात पाय' मनात म्हणायच्या. मी लीडर असल्यामुळे मोठ्याने म्हणायचे. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मंदा, बीपीचं यंत्र जरा देशील?" मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "एकीचं बघायचं होतं." मी म्हटलं, "आधी घरं पूर्ण कर. मग बीपी." ती तशीच परत गेली. कुणाचं बघायचं आहे एवढंही मी विचारलं नाही.

शुक्रवारी गायधनी मॅडम गावात आल्या. सगळ्यांचे फॉर्म बघितले. यमुनाचे सात बघून त्यांचा आवाज खाली गेला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला पुढच्या बॅचबरोबर टाकावी असं मला वाटतंय. पण मी रोज इथे नसते, तू असतेस. उद्या मला लिहून दे. तू लिहिशील तसं करू." यमुनाचं घर मला माहीत होतं. तिच्या वडिलांनी तिला मोठ्या मुश्किलीने शिकायला पाठवलं होतं, आणि स्थळ तर दोनदा येऊन गेलं होतं. सहा महिने मागे पडली असती तर ती सुट्टीला घरी गेली असती आणि परत आली नसती. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी संध्याकाळीच कच्चं लिहून ठेवलं: 'स्वभावाने चांगली, पण कामात मंद. गटाबरोबर चालू शकत नाही.' 'मंद' हा शब्द लिहिताना मला स्वतःच्या नावाचं हसू आलं होतं, हेही आठवतं.

तरी मनात आलं, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, हिच्या मागे मागे फिरून पाहू, म्हणजे नीट उदाहरणं देता येतील. सकाळी धुक्यातून ती पुढे आणि मी मागे अशा निघालो. तिने काही विचारलं नाही. तिची घरं राहिली बाजूला, ती सरळ अकरा नंबरच्या अंगणात शिरली.

मी म्हटलं, "अगं, हे माझं घर आहे. झालंय हे."

"मावशी चहाला बोलावतात," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "मंदा, या घरात सहा माणसं आहेत."

"पाच आहेत. मी स्वतः लिहिलंय."

"पाच माणसं आणि एक पाहुणी," यमुना म्हणाली.

मागच्या पडवीत, भाताच्या कणगीला टेकून एक मुलगी बसली होती. आमच्याच वयाची, दिवस भरत आलेले. कपाळाला ओलं फडकं बांधलेलं, डोळे मिटलेले. सुंदरा, ठकूबाईंची लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आली होती. मी ठकूबाईंना म्हटलं, "मावशी, मी विचारलं तेव्हा ही होती?" त्या म्हणाल्या, "व्हती की. हितंच व्हती."

"मग पाच का सांगितलीत?"

ठकूबाई माझ्याकडे, शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट समजावताना बघतात तशा बघायला लागल्या. "तू घरातली माणसं इचारली ना बाई? ती दिलेली पोर. ती त्यांच्या घरची. हितं पाहुनी हाय."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. माझ्याच आईला कुणी विचारलं असतं, तर माझ्या थोरल्या बहिणीबद्दल तिनेही हेच सांगितलं असतं. मी याच मातीतली, दिलेल्या लेकी कशा मोजतात हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पण उंबऱ्यावरून विचारलं की उंबऱ्यावरचंच उत्तर मिळतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मी होते.

यमुना सुंदराजवळ खाली बसली. "बघ," म्हणाली. सुंदराच्या एका पायात जोडवी होती, दुसऱ्या पायाची बोटं रिकामी. जोडवी रुतायला लागली म्हणून साबण लावून काढली होती. दुसऱ्या पायाची निघतच नव्हती. हातातल्या बांगड्या मनगटात बसलेल्या, हलत नव्हत्या. ठकूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आली तेव्हा काडी व्हती. माहेरचं खानं अंगी लागलं पोरीच्या." यमुनाने सुंदराच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याची खळी तशीच राहिली. आम्ही दोघी त्या खळीकडे बघत राहिलो. ती भरून यायला किती वेळ लागला कोण जाणे, माझ्या आठवणीत ती अजून भरलेली नाही.

मी धावत जाऊन यंत्र आणलं. पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढत गेला. कानात नळ्या घातल्या की बाहेरचं जग लांब जातं. गिरणीचा आवाज लांब गेला, कोंबड्या लांब गेल्या, आणि नको तितक्या वर मला तिच्या रक्ताचा ठोका ऐकू आला. मी पुन्हा घेतलं. तेवढंच. सुंदरा डोळे न उघडता म्हणाली, "बाई, डोळ्यांपुढं काजवे दिसत्यात." दिवसाढवळ्या काजवे. पुस्तकात हे वाक्य जवळजवळ असंच होतं, आणि त्याच्यापुढे झटके आणि मृत्यू हे दोन शब्द होते.

मग मी लीडर झाले. उभी राहिले, आवाज चढवला, हिला आत्ताच्या आत्ता घोटीला नेलं पाहिजे, आई आणि मूल दोघं जातील, कळतंय का तुम्हाला, असं बोलत सुटले. जितकं मोठ्याने बोलले तितक्या ठकूबाई दगडासारख्या होत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "पोरगी त्यांची हाय. जावयाला, इहिणीला इचारल्याबिगर कशी हलवू? उद्या काय झालं तं बोल कुनाला लागंल?" सासरचं गाव डोंगरापलीकडे, माणूस पाठवून निरोप यायला संध्याकाळ. त्या पडवीत सहावं माणूस भिंतीला टेकून बसलं होतं आणि ते कुणाचंच नव्हतं. इथे पाहुणी, तिथे माहेरी गेलेली.

यमुना अजून खालीच बसली होती. तिने ठकूबाईंनी दिलेला कोरा चहा संपवला. मला तेव्हा तिचा गळा धरावासा वाटला, हे लिहून ठेवते. कप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मावशी, तुमच्या दारात पाहुणं आलं आन् त्याला काही झालं, तर त्याच्या घरी विचारायला जाता, का तुम्हीच बघता?"

 ठकूबाईंनी पोरीच्या कपाळावरचं फडकं काढलं, पिळलं, पुन्हा ठेवलं. मग उठल्या, आतून गोधडी आणली आणि थोरल्या पोराला म्हणाल्या, "गिरनीवर टेम्पो उभा हाय का बघ. पोती उतरव म्हनावं."

टेम्पोत आम्ही कोंड्यावर बसलो. सुंदराचं डोकं यमुनाच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. धुकं विरत होतं, रस्त्याच्या कडेची झाडं एकेक करून येत आणि जात होती. मी तिच्या जोडव्यांवर हात ठेवून बसले होते आणि काजवे गेले का असं सारखं विचारत होते. घोटीला डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, पुढे नाशिकला गाडीने पाठवलं. झटका वाटेत आला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पण ते तिसऱ्या दिवशी. मला लिहून द्यायचं होतं ते त्याच दुपारी.

कच्चा कागद मी फाडला नाही. त्याच्याच खाली लिहिलं: 'वरचं मी काल लिहिलं, ते चूक आहे. घर नंबर अकरामध्ये मी पाच माणसं लिहिली, आहेत सहा. गरोदर बाईची नोंद माझ्याकडून राहिली. यमुनाने बीपीचं यंत्र मागितलं होतं, मी दिलं नाही. तिची सात घरं पूर्ण आहेत. माझी वीस पूर्ण आहेत की नाहीत ते मला आता माहीत नाही.' मॅडमनी ते दोनदा वाचलं. वाचताना चष्मा काढून पुसला. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "यमुना बॅचबरोबरच राहील. शिट्टी आणि वही तिला दे. यंत्र पण."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. खोलीत जाऊन पांघरुणात तोंड घालून रडले, आणि त्या रडण्यात सुंदरा थोडी होती, शिट्टी जास्त होती. यमुनाने शिट्टी गळ्यात घातली नाही, खुंटीला अडकवली. महिना संपेपर्यंत ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना तिच्या आठव्या घरी गेली. मी अंगणात उगाच उभी होते. मग तिची यादी बघितली आणि तिच्या विसाव्या घरी गेले, तिच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला. उंबरा ओलांडला, बसले, चहा घेतला, लसूण सोलला. विचारायचं ते सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "आणि पाहुणं कोण आहे घरात?" त्या घरात मुंबईहून खोकत परत आलेला दीर होता. एकोणिसाव्या घरी कुणी नव्हतं. अठराव्या घरी एक म्हातारी आत्या होती, नवऱ्याने टाकलेली, चाळीस वर्षांपासून पाहुणी. अशी मी उलटी येत राहिले, ती सुलटी येत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हापशापाशी आमची भेट झाली. यमुना पाणी पीत होती. मी कपाळाचा घाम पुसला आणि काहीतरी भलतंच बोलले, गिरणीवाल्याच्या मिशांबद्दल. ती लाजली नाही. हसली मात्र. त्या क्षणी मला आई आठवली, आणि इतक्या वर्षांनी तिचं बोलणं पहिल्यांदाच रागाशिवाय कळलं.

मी पुढे शिकवायला लागले. कितीतरी बॅचेस घेऊन गावोगाव हिंडले, आणि फॉर्मच्या खाली पाहुण्याचा तो प्रश्न मुलींना दरवर्षी हाताने लिहायला लावला, कारण छापलेल्या फॉर्मवर तो कधी आला नाही. यमुना सुरगाण्याकडेच नर्स होती. रिटायर होईपर्यंत कुठेही वेळेवर पोचली नाही आणि तिच्या वाट्याच्या गावांनी तिची कधी तक्रार केली नाही.

मागच्या थंडीत मी चार दिवस माहेरी गेले होते. आई नाही, अण्णा नाहीत, मळा अर्धा राहिलाय, पण शेवंती आहे. दुपारी आतल्या खाटेवर पडले होते, वासाने डोळे मिटत आले होते. ओसरीवर कुणी मुलगी आली. पांढरा कोट, हातात फॉर्म असणार. मला दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. "काकू, घरात माणसं किती?"

"पाच," माझी भावजय म्हणाली. अगदी सहज म्हणाली, त्यात तिची काही चूक नाही.

मी आत पडून होते. मला सुंदराची पडवी आठवली, कणगी आठवली. मी हाक मारली नाही. का नाही मारली, मला माहीत नाही. वाट बघत राहिले.

ती मुलगी लिहीत असावी. मग तिचा आवाज आला, "आणि पाहुणं कोण आहे घरात?"

"नणंद आल्यात," भावजय म्हणाली. "आत झोपल्यात."

"मी बघू का जाऊन?" असं म्हणत तिने चपला काढल्याचा आवाज आला, आणि मी उठून बसले, डोळे पुसले, आणि बीपीसाठी बांगड्या वर सरकवून हात पुढे करून ठेवला.